चाळ खरंच दीडशे वर्षांची आहे का? गिरगावातल्या एका प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी बरोबर समजलोय का ते कळेल. मुगभाट लेनच्या आतल्या बाजूला तुमच्या आजोबांची खोली, तळमजला अधिक तीन मजल्यांची चाळ. आजोबा कायम सांगायचे की ही वास्तू दीडशे वर्षांपूर्वीची आहे. आता रीडेव्हलपमेंटची मीटिंग झाली आणि वाटलेल्या कागदांवर बांधकाम वर्ष १९२५ छापून आलं. चाळीत दोन तट पडले, काही जण म्हणतात बिल्डर वय कमी दाखवून फसवतोय, काही म्हणतात आजोबा लोक वाढवूनच सांगतात. तुम्हाला खरं वर्ष हवंय, आणि जाता जाता हेही विचारलंय की गल्लीच्या नावातलं "भाट" म्हणजे काय.

मी आर्किटेक्ट आहे, पण नव्या इमारती फार थोड्या काढल्यात. गेली सत्तावीस वर्षं जुन्या चाळी दुरुस्त करणं आणि त्यांचे कागद शोधणं हेच चाललंय, त्यातलं निम्मं काम पालिकेच्या सी आणि डी वॉर्डात. तुमची चाळ न बघता वर्ष सांगणार नाही, पण हा प्रश्न मला इतक्या वेळा पडलाय की वाट नक्की दाखवू शकतो.

पहिली गोष्ट, वर्ष कशासाठी हवंय? रीडेव्हलपमेंटसाठी हवं असेल तर तुमचं भांडण बिनकामाचं आहे. मुंबई शहरातल्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर १९६९ च्या कायद्याने दुरुस्तीचा सेस, म्हणजे उपकर, लागला, तेव्हा तीन वर्ग पाडले गेले. १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या इमारती ए कॅटेगरी, तिथून १९५० च्या अखेरपर्यंतच्या बी, आणि १९५१ पासून सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या सी. तेव्हा अशा १९,६४२ इमारती यादीत होत्या. तुमची चाळ १८७५ ची असो की १९२५ ची, ती ए मध्येच बसते. वय पन्नास वर्षांनी कमी दाखवून बिल्डरला काडीचा फायदा नाही. भांडायचंच असेल तर तुमच्या खोलीचं क्षेत्रफळ आणि भाडेकरूंच्या यादीतली नावं यावर भांडा. कोणी म्हणालं असेल की दीडशे वर्षं सिद्ध केली तर आपोआप हेरिटेज होतं, तर तसंही नाहीये. हेरिटेजची यादी १९९५ ची आहे आणि त्यात यायला नुसतं म्हातारं असून भागत नाही.

पण तुमच्या मेसेजचा सूर बघून वाटलं की तुम्हाला आजोबा खरे होते का हे कळायला हवंय. तो प्रश्न मला जास्त आवडतो, म्हणून पुढे लिहितोय.

आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते की गिरगावात एका पत्त्याला तीन-चार वयं असतात. जमिनीचं वय वेगळं, गल्लीचं वेगळं, उभ्या इमारतीचं वेगळं, आणि कागदात ती पहिल्यांदा दिसते ते वर्ष आणखी वेगळं. लोक यातलं एक ऐकतात आणि दुसऱ्याला चिकटवतात. माझा अंदाज असा की आजोबांनी सांगितलेलं वय वाडीचं असावं आणि १९२५ हे कागदाचं, आणि चाळ या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी.

भाटापासून सुरू करू. गोव्यात कोणी नातेवाईक असतील तर त्यांना विचारा, भाट म्हणजे माडांची बागायत आणि तिचा मालक तो भाटकार. मुगभाट, बोरभाट ही नावं त्याच कुळातली. इंग्रजी दस्तांत याच बागायतींना "ओर्ट" म्हटलेलं सापडतं, तो शब्द पोर्तुगीज होर्टावरून आलेला. आता आजूबाजूची नावं ओळीने म्हणून बघा, फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी. सगळा मळाच आहे. समुद्रही तेव्हा जवळ होता, मरीन ड्राइव्हचा भराव फार नंतरचा, त्याआधी चर्नी रोडच्या रुळांपलीकडे लगेच पाणी. १८०३ साली फोर्टात मोठी आग लागली, त्यानंतर तटाबाहेर वस्ती वाढत गेली, पण या बाजूला बराच काळ माड, विहिरी आणि मधे मधे कौलारू घरं असंच होतं. खोताच्या वाडीत अजून जी थोडी लाकडी व्हरांड्यांची घरं उरलीत ती बघून या, चाळींच्या आधीचं गिरगाव डोळ्यांसमोर येईल.

मग एकेका बागायतीच्या मालकाने मधून बोळ ठेवून दोन्ही बाजूंना भाड्याच्या खोल्या काढल्या, कोणी एकदम, कोणी पैसे आले तसतसं. म्हणून आपल्या वाड्या बाहेरून एक तोंड आणि आत बंद अशा आहेत, तो रस्ता नव्हताच, मालकाच्या बागेतली वाट होती. तुमच्या चौकात कुठे दगडी फरशीने झाकलेली विहीर आहे का बघा. मलेरियामुळे पालिकेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुष्कळ विहिरी बंद करायला लावल्या, काही फरश्यांखाली अजून आहेत. ती विहीर बहुतेक चाळीच्या आधीची, बागायतीची असते. आजोबांच्या आजोबांनी ती वापरली असेल तर "आमची जागा दीडशे वर्षं जुनी" हे वाक्य त्यांच्या दृष्टीने शंभर टक्के खरं आहे.

आता कागद. मालकाकडचं जुनं खरेदीखत किंवा ट्रस्टचा दस्त बघायला मिळाला तर (मालक बरा असेल तर देतो, नाहीतर सब-रजिस्ट्रारकडे सर्च टाकायचा) त्याच्या शेवटी मिळकतीचं वर्णन असतं, सगळे ते पान सोडून देतात आणि मी तिथूनच वाचायला सुरुवात करतो. त्यात नंबरांची माळ असते, कलेक्टरचा जुना नंबर, कलेक्टरचा नवा नंबर, लॉटन सर्व्हे नंबर, कॅडस्ट्रल सर्व्हे (सीएस) नंबर, मग पालिकेचा वॉर्ड नंबर आणि स्ट्रीट नंबर. कंटाळवाणं दिसतं पण प्रत्येक नंबर एका काळाचा शिक्का आहे. कर्नल लॉटनने शहराची मोजणी १८६५ ते १८७२ मध्ये केली, कॅडस्ट्रल मोजणी विसाव्या शतकातली. दस्तात लॉटन नंबर आहे पण सीएस नंबर नाही, तर तो दस्त या दोन्हींच्या मधला. जमिनीचा प्रकारही लिहिलेला असतो, "पेन्शन अँड टॅक्स" किंवा "फोरास" वगैरे. यातलं पेन्शन म्हणजे म्हातारपणाचं नव्हे, कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या दिवसांपासून जमीनधारक भरत आलेला तो वार्षिक सारा. फोरास म्हणजे भराव टाकून किंवा पाणथळ उपसून कमी साऱ्यावर दिलेली जमीन, फोरास रोड हे नाव तिथूनच आलं.

सगळ्यात कामाची ओळ म्हणजे चतुःसीमा. पूर्वेला अमक्याचं घर, दक्षिणेला तमक्याची ओर्ट, पश्चिमेला रस्ता. इथे रस्त्याचं नाव काय लिहिलंय ते बघा. आजचा विठ्ठलभाई पटेल रोड जुन्या कागदात गिरगाव बॅक रोड असतो, सरदार पटेल रोड हा सँडहर्स्ट रोड. सँडहर्स्ट रोड प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने काढला, म्हणजे ज्या दस्ताच्या सीमेत तो आहे तो १८९८ नंतरचाच, त्या आधीचा असूच शकत नाही. आणि सीमेला अजून ओर्ट असेल तर शेजारी तेव्हा झाडं होती. एका कामात मला पश्चिमेला "अमुक यांची विहीर व माड" एवढंच सापडलं होतं आणि आज त्या जागी पाच मजले उभे आहेत, वाचताना जरा गंमत वाटली होती.

दस्तानंतर नकाशे. लॉटनच्या मोजणीचे नकाशे इतके मोठ्या स्केलचे आहेत, इंचाला चाळीस फूट, की एकेक घर, विहीर वेगळी दिसते. तुमच्या जागी तिथे मोकळी जमीन दिसली तर चाळ १८७२ नंतरची, विषय संपला. आकृती दिसली तर लगेच नाचू नका, ती दुसरीच इमारत असू शकते. तिची रुंदी, खोली, बोळाकडे असलेला कोन नंतरच्या सीएस प्लॅनशी ताडून बघायचा. दोन नकाशांत आकार तोच असेल तर बहुधा इमारत तीच, आणि आकार बदलला असेल तर त्या पन्नासेक वर्षांत जुनं पाडून नवीन बांधलं. गिरगावात दुसरंच जास्त वेळा निघतं, हे आधीच सांगून ठेवतो.

आणि १९२५ कुठून आलं असेल? पालिकेच्या असेसमेंट खात्यातून इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट काढतात, त्यात मजलेवार खोल्या, भाडेकरू आणि भाडं असतं. जुनी रजिस्टरं सगळीच टिकलेली नाहीत, त्यामुळे जे सर्वात जुनं पान हाती लागतं त्याचं वर्ष कोणीतरी फॉर्मवर "बांधकाम वर्ष" म्हणून टाकून देतो, पुढे तेच कॉपी होत जातं. दुसरी शक्यता अशी की त्या वर्षी वरचा मजला चढवला आणि करपात्र रक्कम वाढली. तुमची चाळ तीन मजली आहे म्हणून ही शक्यता मला जास्त वाटते. आजोबांच्या भाडेपावत्यांचंही हेच लक्षात ठेवा, १९३१ ची पावती एवढंच सांगते की १९३१ ला खोली होती, ती कधी बांधली ते सांगत नाही.

आता प्रत्यक्ष इमारत. मी गेल्यावर आधी जिन्याखाली वाकतो, कारण तिथे कोणी रंगरंगोटी करत नाही. तिथे खांब आणि तुळई उघडी दिसते, सागवान आहे का, विटा चुन्यात बसवल्यात की सिमेंटमध्ये, नखाने उकरलं तर पांढरी पूड येते की खडखडीत राखाडी कपचा. मग एकेक मजला चढत बघायचं की काय बदलतंय. खाली जाड लाकडी खांब आणि कडीपाट, आणि तिसऱ्या मजल्यावर एकदम लोखंडी आय बीम दिसले तर वरचा मजला नंतरचा. त्या बीमवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, टॉर्च तिरकी धरली की वाचता येतं. टाटांचं पोलाद निघालं १९१२ साली, म्हणजे टाटांचा छाप असलेला बीम त्याआधीचा नाही. डॉर्मन लाँग वगैरे विलायती छाप असेल तर तो आधीचाही असू शकतो आणि नंतरचाही, त्यावरून एकट्याने काही ठरवू नका. छपरावर मंगलोरी कौलं असतील तर ती १८६५ नंतरची, कारण बासेल मिशनचा कौलांचा कारखाना मंगळुरात तेव्हा सुरू झाला. नक्षीदार सिमेंटच्या लाद्यांवर लोक फार भुलतात, आपल्याकडे भारत फ्लोअरिंग्जने त्या बनवायला सुरुवात केली १९२२ मध्ये, आणि लादी ही चाळीत सगळ्यात आधी बदलली जाणारी गोष्ट. लादीखाली जुना कोबा निघाला तर तो बघा.

इथे माझी एक फजिती सांगतो म्हणजे तुम्ही ती करणार नाही. कामाला लागून चार-पाच वर्षं झाली होती. ठाकुरद्वारच्या बाजूला एक चाळ, बिडाचे कठडे, कोरलेले लाकडी ब्रॅकेट, बर्मा सागाच्या एवढ्या जाड तुळया की दोन हातांत मावेनात. मी रुबाबात रिपोर्ट लिहिला, इमारत १८८० च्या आसपासची. मालकाने नंतर ट्रंकेतून काँट्रॅक्टरचं बिल काढून दाखवलं, बांधकाम १९११ चं, आणि बिलात ओळ होती "जुना सागवान माल, लिलावातला". इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने नवे रस्ते काढताना शेकडो घरं तोडली, त्यांचं लाकूड, कठडे, दारं लिलावात निघाली आणि आसपासच्या नव्या चाळींत जाऊन बसली. मी लाकडाचं वय इमारतीला लावलं होतं. मालक काही बोलला नाही, चहा पाजला, पण तेव्हापासून तुळईला नको तिथे जुनी खाच किंवा रिकामं भोक दिसलं की मी पेन खाली ठेवतो. जी खाच आज कशालाच जोडलेली नाही ती आधीच्या घरातली असते.

ट्रस्टचा विषय निघालाच आहे तर तोही थोडा सांगतो, कारण तुमच्या चाळीचं रूप त्याच्या आधीचं की नंतरचं हे बाहेरून कळतं. १८९६ ला मांडवीत प्लेग आला, लोक शहर सोडून पळाले, आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते दाट वस्ती चिरून काढले, समुद्राची हवा आत यावी म्हणून. आग्रीपाडा, चंदनवाडीच्या बीआयटी चाळी त्याच ट्रस्टच्या, वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी मात्र १९२० नंतरच्या वेगळ्या सरकारी खात्याच्या, लोक दोन्हींची गल्लत करतात. ट्रस्टच्या काळात साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आला, म्हणजे भिंतीच्या पायथ्यापासून जमिनीशी एवढा कोन करून वर काढलेल्या रेषेच्या वर समोरची भिंत जाता कामा नये, साध्या हिशोबात समोरची भिंत जितकी उंच त्याच्या निम्मं तरी अंतर मध्ये सोडायचं. तुमच्या आणि मागच्या चाळीमधली हाउस गल्ली मोजा. चाळीस फूट उंचीच्या भिंती आणि मध्ये चार फुटांची गल्ली, आणि मागच्या खोल्यांचा उजेड तिच्यावरच अवलंबून, तर निदान खालचे मजले या नियमाच्या आधीच्या विचाराचे आहेत. नियम सगळ्यांनी पाळला असं मी म्हणत नाही, मुंबई आहे ही.

तसंच चाळ बोळाशी सरळ आहे की तिरकी हेही बघा. मोठ्या रस्त्याला तिरकी आणि आतल्या बोळाला समांतर असेल तर प्लॉटची आखणी त्या रस्त्याच्या आधीची. रस्त्याकडची भिंत कापल्यासारखी सपाट, तिथे गॅलरी नाही, आणि कोपऱ्याची खोली कोयत्यासारखी निमुळती, तर समजायचं की रस्ता रुंद करताना इमारतीचा तुकडा गेला.

आता तुमच्या मेसेजच्या शेवटी जे ओझरतं लिहिलंय त्यावर येतो, मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्ही म्हणता, दर्शनी भागावर गच्चीच्या कठड्याखाली काहीतरी आकडा आहे, पण "तो १९६ असा काहीतरी आहे, म्हणजे नंतरच्या दुरुस्तीचा असणार". थांबा! मूळ मालक गुजराती किंवा कच्छी होते का? गिरगाव-भुलेश्वरात पुष्कळ मालक भाटिया, कपोळ, लोहाणा होते आणि ते इमारतीवर विक्रम संवत घालायचे. संवतातून ५६ किंवा ५७ वजा केले की इसवी सन येतं. संवत १९६४ म्हणजे १९०७-०८. मी स्वतः अशी इमारत पाहिलीय जी वरचा १९६४ वाचून सगळ्यांनी सी कॅटेगरीत धरली होती आणि भाडेकरू बिचारे कित्येक वर्षं तेच खरं मानून बसले होते. मराठी मालक असेल तर शके असू शकतं, त्यात ७८ मिळवायचे, शके १८२९ म्हणजे तेच १९०७. पारशी मालक असेल तर यझदगर्दी सन, त्यात ६३० च्या आसपास मिळवायचे. आकड्याची वळणंही बघा, गुजराती आणि देवनागरी आकडे दुरून सारखेच वाटतात पण काही अंक फसवतात, त्यात चुन्याचे दहा थर बसलेले असतात.

तर क्रम असा धरा. पैसे न लागणाऱ्या गोष्टी आधी, म्हणजे दर्शनी आकडा, जिन्याखालचं लाकूड, बीमवरचे छाप, हाउस गल्लीचं माप. गणेशोत्सव मंडळाची जुनी स्मरणिका कोणाच्या माळ्यावर असेल तर तीही काढा, सुवर्णमहोत्सवी अंकात जुन्या रहिवाशांच्या आठवणी असतात आणि त्यात "तिसरा मजला चढला तेव्हा" असली वाक्यं सापडतात, फक्त त्यातली वर्षं जशीच्या तशी घेऊ नका. मग इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट आणि सीएस प्लॅन. शेवटी दस्ताचा सर्च, तिथे वेळ आणि पैसा दोन्ही जातात, फोर्टातल्या जुन्या कस्टम हाउसच्या फेऱ्या होतात, तेव्हा चाळीत वर्गणी काढा, एकट्याने करू नका. एवढं करून बहुतेक वेळा पाच-दहा वर्षांच्या आत इमारत पकडता येते. एकच तारीख मिळेल असं वचन देत नाही, कारण तुमच्यासारख्या चाळीला ती असतेच असं नाही, तळमजला एका पिढीने बांधला आणि वरचा दुसऱ्या.

मला विचाराल तर माझा कौल असा, बागायत आणि विहीर आजोबांच्या दीडशेपेक्षाही जुनी, खालचे दोन मजले प्लेगच्या थोडे आधी किंवा नंतर, आणि वरचा मजला १९२५ च्या आसपास. न बघता दिलेला कौल आहे, चुकला तर शिव्या घालू नका.

पावसाच्या आधी कोणालातरी गच्चीवर पाठवून तो आकडा ओल्या फडक्याने हळूच पुसून घ्या, तारेच्या ब्रशने अजिबात घासू नका, आणि सकाळच्या तिरक्या उन्हात फोटो काढून इथे टाका. तिसरा अंक खरंच सहा आहे की गुजराती पाच, ते मी बघून सांगतो.